हत्तीचे घर कोणते?



हत्ती आपल्या सगळ्यांचा लाडका. बाप्पाचे मुख त्याचे, आणि बालवर्गातली गाणीही त्याचीच. म्हणूनच आपल्या मराठी मुलखातल्या एका हत्तीविषयी आम्ही उभयतांनी आमचे मत मांडायचे ठरवले.

त्याचे नाव सुंदर. २००७ साली तो कोल्हापूरजवळच्या जोतिबा देवस्थानाला दान मिळाला. पुढे त्याला वारणानगरला एका शेडमध्ये साखळदंडाने बांधून ठेवले होते. प्राणिमित्रांनी आवाज उठवला. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांनीही महाराष्ट्राच्या वनमंत्र्यांना पत्र लिहिले. २०१२ मध्ये सरकारने सुटकेचा आदेश दिला, पण प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आणि मग सर्वोच्च न्यायालयात गेले. अखेर जून २०१४ मध्ये ट्रकमधून सुंदर बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टा उद्यानात पोचला. तिथे मोकळी जमीन होती, पाणी होते आणि मुख्य म्हणजे इतर हत्ती होते.

आता कोणी विचारेल, "देवळापाशी त्याला खायला मिळत नव्हते का?" पण हत्तीला नुसते खाणे पुरत नाही. त्याच्या तळपायाला चरबीची जाड गादी असते. ती मऊ मातीवर मैलोन् मैल चालण्यासाठी. सिमेंटवर वर्षानुवर्षे उभे राहिले की पाय आणि सांधे दुखू लागतात. शिवाय हत्ती एकमेकांशी बोलतात, त्यातले काही आवाज तर आपल्या कानांना ऐकूही येत नाहीत. एकट्या हत्तीने बोलायचे कोणाशी?

बन्नेरघट्टा म्हणजे काही रान नव्हे. तिथेही कुंपण आहे, माहूत आहे. पण माणसाच्या हाताखाली वाढलेल्या हत्तीला एकदम रानात सोडता येत नाही. रान नाही, तर निदान जमीन, पाणी आणि सोबत तरी मिळावी, एवढेच मागणे आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. जुलै २०२५ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणी मठाची महादेवी ऊर्फ माधुरी हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने गुजरातेत जामनगरला नेली. तीस वर्षांहून अधिक काळ ती मठात होती. तिला निरोप देताना गावकरी रडले आणि पुढे हजारो लोक मोर्चात उतरले. त्या माणसांना कोणी निर्दय म्हणू नये. त्यांचे प्रेम खरेच होते. ऑगस्टमध्ये नांदणी भागातच तिच्यासाठी केंद्र उभारण्याचा प्रस्तावही पुढे आला.

तरीही आम्हाला वाटते, की "आमचे तिच्यावर प्रेम आहे" हे उत्तर पुरेसे नाही. तिचे पाय बरे आहेत का? तिला सोबत आहे का? दिवसातून किती वेळ ती साखळीविना फिरते? घर कोणते, हे या प्रश्नांच्या उत्तरांवर ठरावे. ही उत्तरे कोल्हापुरात चांगली मिळाली तर कोल्हापूर, जामनगरला मिळाली तर जामनगर. आपल्याला ती डोळ्यांसमोर हवी, हा आपला प्रश्न झाला, तिचा नव्हे.

आपण परदेशी राहणाऱ्यांना घर सोडणे म्हणजे काय, हे कळते. पण आपले तिकीट आपण स्वतः काढले. आठवण आली की फोन करता येतो, सुट्टीत जाता येते. हत्तीला कोणी विचारत नाही. म्हणून त्याच्या वतीने विचारणारे कोणीतरी हवे. सुंदरच्या वतीने अनेकांनी विचारले, म्हणून तो सुटला.

मुलांनो, इथे अमेरिकेत तुमच्यापैकी बरेच जण वाढदिवसाला कुत्र्याचे पिल्लू मागतात. जरूर मागा. शेल्टरमधून आणलेत तर फारच छान. पण आधी चार गोष्टी विचारा: त्याला पळायला जागा आहे का? दिवसभर घरी कोण असेल? थंडीत सकाळी फिरवायला कोण उठेल? आपण सुट्टीत भारतात गेलो, की ते कुठे राहील? आणि ते आल्यावर पहिले काही आठवडे कोपऱ्यात बसून राहिले, तर रागावू नका. नव्या घराची ओळख व्हायला वेळ लागतो. तुमच्या आईबाबांनाही लागला होता!

तुमचे मत वेगळे असेल तर पुढच्या अंकासाठी अवश्य लिहा. चार ओळी चालतील, पण मराठीत हं!