झालं समजा

आरटीओच्या बाहेर छत्रीखाली बसलेल्या एजंटला विचारा, ‘लायसन्सचं काम झालं का?’ तो मान वर न करता म्हणेल, ‘झालं समजा.’ या दोन शब्दांचा अर्थ मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. झालेलं नाही. बहुधा होईल. तुम्ही गुरुवारी परत या. ‘झालं’ आणि ‘झालं समजा’ यांतला फरक आपल्याला शाळेत जायच्या आधीपासून कळतो. हा फरक ज्याला कळत नाही असा एक एजंट मी स्वतः तयार केलाय.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. गेल्या वर्षी आमच्या टीमने तिकीट बुकिंग करणाऱ्या एका कंपनीसाठी चॅटवर बोलणारा ‘एआय एजंट’ बनवला. बुकिंग शोधायचं, रद्द करायचं, रिफंडची मागणी पुढे पाठवायची, ही त्याची कामं. एका बाईंनी चार जणांची बसची तिकिटं रद्द केली. २,८६० रुपये परत यायचे होते. एजंट म्हणाला, ‘तुमचा रिफंड झालेला आहे.’ सहा दिवसांनी त्या परत आल्या. ‘दादा पैसे आले नाहीत.’ (हा दादा लिहिणारी ताई मी.) एजंट म्हणाला, रिफंड झालेला आहे, कृपया आपल्या बँकेत चौकशी करा. त्या बँकेत जाऊन आल्या, पासबुक भरून आणलं, पासबुकाचा फोटो चॅटमध्ये टाकला. एजंटने फोटोबद्दल आभार मानले आणि रिफंड झालेला असल्याचं पुन्हा सांगितलं. चौथ्या खेपेला त्यांनी लिहिलं, ‘तुम्ही खोटं बोलताय का?’

खोटं बोलत नव्हता. खोटं बोलायला आपण सांगतोय ते खरं नाही, हे निदान वाटावं तरी लागतं.

झालं होतं ते असं. एजंटने रिफंडची मागणी पाठवली, तेव्हा समोरच्या सर्व्हरने २०२ हा कोड परत पाठवला. एचटीटीपीमध्ये २०२ म्हणजे ‘स्वीकारलं’. मागणी मिळाली, काम अजून व्हायचंय. एजंटने ते वाचलं आणि स्वतःच्या टिपणवहीत लिहून ठेवलं, ‘रिफंड पूर्ण.’ दोन दिवसांनी ती मागणी फेटाळली गेली. फेटाळल्याचा निरोप आमच्या ज्या पत्त्यावर आला, तिथे ऐकणारं कुणी नव्हतं. पुढच्या प्रत्येक संभाषणात एजंटने बँकेला विचारलं नाही, आपली टिपणवही वाचली. आपणच लिहिलेली चिठ्ठी आपणच वाचायची आणि तिला पुरावा मानायचं. त्या टिपणवहीच्या कप्प्याला कोडमध्ये मी नाव दिलं होतं ‘फॅक्ट्स’.

तुम्ही म्हणाल, हा साधा बग आहे, दुरुस्त करा आणि गप्प बसा. दुरुस्त केला. पण गप्प बसायचं नाहीये, कारण हा बग एका ओळीतला नाही. ‘माहीत असणं’ आणि ‘वाटणं’ हे वेगळे शब्द आहेत, हेच आमचा धंदा विसरलाय. आणि हा फरक काटेकोरपणे मांडणारं अख्खं शास्त्र साठ वर्षांपासून उपलब्ध आहे.

१९६२ साली याक्को हिंटिका या फिनलंडच्या तत्त्वज्ञाने ‘नॉलेज अँड बिलीफ’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्यातली मूळ कल्पना बसस्टॉपवर उभ्याउभ्या समजेल इतकी सोपी आहे. तुमच्या हातात जी माहिती आहे, तिच्याशी जुळणारी जगं किती, ते मोजा. त्या सगळ्याच्या सगळ्या जगांत जी गोष्ट खरी आहे, ती तुम्हाला ‘माहीत’ आहे. एका जगात जरी ती खोटी असेल, तर माहीत नाही. आता आमच्या एजंटकडे बघा. हातात २०२. एक जग असं, की पैसे खात्यात पडलेत. दुसरं असं, की मागणी रांगेत पडून आहे. तिसरं असं, की ती फेटाळली गेलीय. तिन्ही जगांत २०२ अगदी तस्साच दिसतो. म्हणजे रिफंड झाल्याचं एजंटला माहीत नव्हतं. हे ठरवायला ना पीएचडी लागते ना महागडं जीपीयू.

या तर्कशास्त्रात ज्ञानासाठी एक नियम आहे, त्याला ‘टी’ म्हणतात: एखादी गोष्ट माहीत असेल, तर ती खरी असते. समजुतीसाठी हा नियम नाही. मराठीला हे आधीपासून ठाऊक आहे. ‘मला वाटलं पाऊस पडतोय, पण पडत नव्हता’ हे वाक्य ठीक आहे. ‘मला माहीत होतं पाऊस पडतोय, पण पडत नव्हता’ म्हणून बघा, जीभ अडखळते. समज खोटा निघाला की त्याचा गैरसमज होतो. ‘माहीत असण्या’ला असा ‘गैर’ लावता येत नाही.

पुढचं मला कॉलेजमध्ये कुणी शिकवलं नाही. (आमच्याकडे लॉजिक म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री झेरॉक्समधून पाठ केलेले दोन प्रश्न.) समजुतीचं जे रूढ तर्कशास्त्र आहे, त्यात एक निष्कर्ष आपोआप निघतो: ‘मला जे वाटतं ते खरंच आहे, असं मला वाटतं.’ समज खोटा असू शकतो, पण ज्याचा आहे त्याला तो आतून ज्ञानासारखाच दिसतो. दोन्हींतला फरक बाहेरूनच कळतो.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या टीमचा पहिला उपाय आठवला. एजंटच्या सूचनांमध्ये आम्ही एक वाक्य घातलं होतं: ‘पूर्ण खात्री असेल तरच रिफंड झाल्याचं सांग.’ त्याने काहीच फरक पडला नाही. पडणार कसा? त्याला खात्री होतीच. ‘खात्री आहे ना?’ हा प्रश्न ज्याची खात्री तपासायची त्यालाच विचारण्यात अर्थ नसतो, हे कागदावर सिद्ध करता येतं. तरी आज बाजारातल्या निम्म्या ‘विश्वासार्ह एजंट’ योजना याच प्रश्नाच्या नव्या नव्या आवृत्त्या आहेत, असं माझं मत आहे. एजंटलाच विचारा, दुसऱ्या एजंटला विचारा, तिघांचं मतदान घ्या. तिघांनीही वाचायची ती एकच टिपणवही.

उपाय जुना आहे. १९८५ साली रॉबर्ट मूर यांनी ज्ञान आणि कृती एकाच गणितात बसवली. तिजोरी उघडायची तर आकडा माहीत हवा, म्हणजे कृतीला ज्ञान लागतं. उलट काही कृती ज्ञान मिळवण्यासाठीच असतात. द्रवात लिटमस कागद बुडवला की द्रव बदलत नाही, तुम्हाला काय माहीत आहे ते बदलतं. रिफंडची मागणी पाठवणं ही पहिल्या जातीची कृती, बँकेला ‘पैसे जमा झाले का’ विचारणं ही दुसऱ्या जातीची. आमच्या एजंटकडे पहिल्या जातीची अकरा हत्यारं होती. दुसऱ्या जातीचं, रिफंडच्या बाबतीत, एकही नव्हतं. लिटमस न देताच आम्ही त्याला आम्ल ओळखायला बसवलं होतं.

आणि ‘एजंट’ हा शब्द तरी कुठे नवा आहे? १९९१ साली मेलबर्नला काम करणाऱ्या आनंद राव आणि मायकेल जॉर्जेफ यांनी एजंटचे तीन कप्पे मांडले: समज, इच्छा, इरादा. सिडनी विमानतळावर उतरणाऱ्या विमानांचा क्रम लावणाऱ्या एका प्रणालीत ही रचना वापरून चाचणीही झाली. बघा, पहिल्या कप्प्याला त्यांनी ‘ज्ञान’ म्हटलं नाही, ‘समज’ म्हटलं, कारण एजंटला जगाबद्दल जे वाटतं ते चुकू शकतं. मी त्याच कप्प्याला ‘फॅक्ट्स’ म्हटलं. शब्द त्यांचा उचलला आणि त्यामागची नम्रता तिथेच सोडून आलो.

माझा एक सहकारी यावर हसतो. त्याच्या मते हे तर्कशास्त्र कधीच संपलं, आता मॉडेल आहेत. त्याचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. हे शास्त्र गृहीत धरतं की एखादी गोष्ट माहीत असली की तिच्यातून निघणारं सगळंच माहीत असतं. म्हणजे बेरीज-गुणाकाराचे मूळ नियम ठाऊक असलेल्याला सगळी प्रमेयंही ठाऊक. असा माणूस मी तरी पाहिलेला नाही. शिवाय एका कृतीने काय काय बदलत नाही हे सांगताना या लोकांची दमछाक झाली. भरलेली बंदूक थोडा वेळ थांबल्यावरही भरलेलीच राहते, एवढं पटवायला १९८६ पासून पुढे पेपरांचा ढीग पडला. त्या बाईंनी अर्धं मराठी, अर्धं हिंदी, रोमन लिपीत, एकही पूर्णविराम न देता जे लिहिलं होतं, ते मॉडेलला बिनचूक समजलं. कुठल्याही तर्कशास्त्राला ते जमलं नसतं.

पण बाईंचं म्हणणं समजणं हे एक काम आहे आणि पैसे कुठे आहेत याचा हिशेब ठेवणं हे दुसरं. छान बोलणाऱ्या माणसाला आपण लगेच कॅशिअर करतो का?

मला कुणी आदर्श विचारला तर मी यूपीआय दाखवते. दोन टोकांना दोन बँका, मध्ये कधीही तुटणारं नेटवर्क. अशा वाटेवरून कितीही निरोप आणि पोच पाठवल्या, तरी शेवटची पोच पोचली की नाही हा प्रश्न उरतोच. जो शेवटचा निरोप पाठवतो तो अंधारातच असतो. जोसेफ हॅल्पर्न आणि योराम मोझेस यांनी १९८४ साली दाखवलं, की निरोप हरवू शकत असतील तर ‘मला माहीत, तुला माहीत, मला माहीत की तुला माहीत’ अशी कधीच न संपणारी सामायिक जाण तयारच होऊ शकत नाही. या कामाला पुढे १९९७ सालचं गोडेल पारितोषिक मिळालं. व्हॉट्सॲपची निळी टिक आल्याचं तुम्हाला दिसलं, हे समोरच्याला कुठे माहीत असतं?

मग यूपीआय काय करतं? पैसे घेणाऱ्या बँकेकडून वेळेत उत्तर आलं नाही, तर तो व्यवहार ‘डीम्ड’ धरतात. शब्दशः ‘झालं समजा’! पण इथे ‘समजा’ हा शब्द लपवलेला नाही, त्याला स्वतःचं खातं आहे, नंतर हिशेब जुळवला जातो आणि त्याची किंमत ठरलेली आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, तुमच्या खात्यातून पैसे गेले आणि समोरच्याच्या खात्यात पडले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत ते परत यायला हवेत. नाही आले, तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. न कळण्याचा खर्च बँकेने सोसायचा. आमच्या एजंटच्या न कळण्याचा खर्च एका बाईने सोसला, बँकेत खेपा घालून.

आता जे सांगायला मला जड जातंय ते.

एजंट असं बोलतो, हे मला त्या बाईंच्या आधी बारा दिवस माहीत होतं. दुसऱ्या एका रिफंडच्या लॉगमध्ये मी ते पाहिलं होतं. नंतर कळलं, की टेस्टिंगवाल्या मुलीलाही माहीत होतं, आमच्या लीडलाही, आणखी दोघांनाही. रोज सकाळी दहाला आम्ही पाच जण स्टँड-अपला उभे राहायचो, प्रत्येकाला माहीत असायचं, आणि प्रत्येकाला वाटायचं की आपल्या एकट्यालाच माहीत आहे. डेमो तोंडावर होता.

या शास्त्रात चिखलाने कपाळ माखलेल्या पोरांचं एक कोडं आहे. प्रत्येकाला इतरांची कपाळं दिसतात, स्वतःचं दिसत नाही. आई येऊन म्हणते, ‘तुमच्यापैकी एकाच्या तरी कपाळाला चिखल आहे.’ हे सगळ्यांना आधीच दिसत असतं. तरी आई ते सगळ्यांसमोर मोठ्याने बोलते म्हणूनच पोरांची विचारांची साखळी सुरू होते, आणि तिने तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारल्यावर प्रत्येकाला आपल्या कपाळाचं कळतं. सगळ्यांना माहीत असणं आणि सगळ्यांदेखत माहीत असणं या दोन वेगळ्या अवस्था आहेत, त्यांची चिन्हंसुद्धा वेगळी आहेत. आमच्या स्टँड-अपमध्ये ते मोठ्याने बोललं असतं तर डेमो पुढे ढकलावा लागला असता. माझ्या तोंडाला दुसरं कुठलंही कुलूप नव्हतं.

बाईंचे पैसे तेविसाव्या दिवशी मिळाले, एका माणसाने हाताने पाठवले. त्यानंतर जो अहवाल लिहिला गेला, त्यात वाक्य होतं: ‘टीमला या त्रुटीची कल्पना नव्हती.’ टीमला, एक टीम म्हणून, सामायिक जाण नव्हती, हे तांत्रिकदृष्ट्या खरंही ठरवता येईल. मी तो अहवाल वाचला आणि ‘अप्रूव्ह’ दाबलं.

गेल्या महिन्यात मी ‘फॅक्ट्स’चं नाव बदलून ‘समज’ या अर्थाचं केलं, आणि ‘झालं’च्या जागी तीन अवस्था घातल्या: मागणी पाठवली, मागणी स्वीकारली गेली, पैशांचं अजून कळलेलं नाही, जमा झाल्याचं बँकेने कळवलं. तिसरी अवस्था एजंटला स्वतःहून लिहिताच येत नाही, ती फक्त बँकेच्या उत्तरातूनच भरते. हा बदल अजून मंजूर झालेला नाही. प्रॉडक्टकडून त्यावर शेरा आलाय, की ‘अजून कळलेलं नाही’ हे शब्द ग्राहकाला दाखवले तर समाधानाचा स्कोअर पडेल. मी उत्तरात त्या बाईंचं पूर्ण चॅट जोडलंय, आणि या वेळी ते सगळ्या टीमच्या चॅनेलवर टाकलंय.