सिंहस्थाआधीच मुदत संपणारी आवृत्ती

उज्जैनच्या वेधशाळेतून १९४२ पासून दरवर्षी ग्रहस्थितीचे पंचांग निघते. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात उभारलेली ही वेधशाळा पुढे मोडकळीला आली. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये तिची दुरुस्ती करवली आणि गोविंद सदाशिव आपटे तिचे अधीक्षक झाले. पंचांगशुद्धीचा वाद तेव्हा मराठी मुलखात जुनाच होता. गणेश दैवज्ञाने कोकणातल्या नांदगावात १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ रचले, ज्या-चापांची किचकट आकडेमोड टाळून गणित सोपे केले, आणि पंचांगकर्त्यांनी त्यावर तीनशेहून अधिक वर्षे भागवले. तेवढ्या काळात कागदावरचा ग्रह आणि आकाशातला ग्रह यांत फरक पडत गेला. ग्रंथ वाईट नव्हता, उलट तो फार सोयीचा होता; म्हणूनच तो तपासायचे कुणाला सुचले नाही. संगणकावरच्या तयार गणितांचेही असेच होते. ज्या पायथन भाषेवर आज शाळेच्या अभ्यासक्रमापासून बँकांपर्यंत बरेच काही चालते, तिचे प्रोग्राम चालवणाऱ्या इंटरप्रिटरमधल्या आणि तिच्यासोबतच मिळणाऱ्या स्टँडर्ड लायब्ररीतल्या सुधारणांकडे म्हणूनच केवळ प्रोग्रामरांचा विषय म्हणून पाहता येत नाही.

वेळेचेच उदाहरण घ्या. उज्जैनची स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे २७ मिनिटे मागे आहे, कारण प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून धरतात. संगणकाला अशा गोष्टी कळतात त्या जगभरच्या कालविभागांच्या एका सार्वजनिक माहितीसाठ्यातून, आणि त्यात भारताची नोंद कोलकात्याच्या नावाने आहे. प्रमाणवेळ येण्याआधीची कोलकात्याची स्थानिक वेळ, म्हणजे ग्रिनिचपुढे ५ तास ५३ मिनिटे, हीसुद्धा त्याच नोंदीत आहे. पायथनमध्ये वर्षानुवर्षे ‘पायट्झ’ ही बाहेरची लायब्ररी वापरली जाई. तिचा कालविभाग अगदी सरळ, कुणालाही सुचेल अशा रीतीने जोडला, तर संगणक मुकाट्याने ही जुनी वेळ उचलायचा आणि हिशेब २३ मिनिटांनी चुकायचा. सूचना नाही, तक्रार नाही. लायब्ररीच्या माहितीपत्रकात इशारा होता, पण माहितीपत्रक वाचूनच काम सुरू करणारी माणसे कोणत्याही धंद्यात थोडीच. २०२० मध्ये आलेल्या ३.९ या आवृत्तीने ‘झोनइन्फो’ हे मॉड्यूल स्टँडर्ड लायब्ररीतच दिले, आणि तीच सरळ रीत आता बरोबर उत्तर देते. माझ्या मते सुधारणेची खरी कसोटी हीच: बेसावध माणसाच्या हातूनही काम बरोबर व्हावे.

वेगाच्या बातम्या यापेक्षा जास्त गाजतात. ३.११ ही आवृत्ती ३.१० पेक्षा सरासरी २५ टक्के वेगवान निघाली, हे खरेच. पण त्याच आवृत्तीपासून चूक नेमकी ओळीच्या कोणत्या भागात आहे तिथे खूण होऊ लागली, आणि नवशिक्या विद्यार्थ्याला तिचा उपयोग त्या २५ टक्क्यांहून मोठा आहे. ऑक्टोबर २०२५ मधल्या ३.१४ मध्ये प्रोसेसरचे अनेक गाभे एकाच वेळी खऱ्या अर्थाने राबवणारी वेगळी बांधणी अधिकृत झाली. तिच्यात एकपदरी काम पाच ते दहा टक्के मंदावते. म्हणजे ती सर्वांनी डोळे मिटून घ्यावी अशी नाही.

‘चालते आहे ना, मग हात कशाला लावायचा?’ हा आक्षेप आळशीपणाचा आहे असे मी म्हणणार नाही. ३.१३ ने स्टँडर्ड लायब्ररीतली १९ जुनी मॉड्यूल काढून टाकली. त्यांत वेबच्या पहिल्या काळातले ‘सीजीआय’ही होते, आणि त्यावर उभे असलेले जुने प्रोग्राम नव्या आवृत्तीवर बंद पडतात. मात्र ही मॉड्यूल जाणार, हे २०२२ च्या ३.११ पासून प्रोग्राम स्वतःच सांगत होता. दोन वर्षांची नोटीस आपल्याकडे भाडेकरूलाही मिळत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लिनक्स पुरवणाऱ्या संस्था जुन्या आवृत्तीलाही सुरक्षेची दुरुस्ती देत राहतात, मग घाई कशाची? जिथे असा करार आहे तिथे जुन्यावर राहणे समजण्यासारखे आहे. पण ती मुदतही कधीतरी संपते, आणि ती कधी संपते हे कार्यालयात कुणाला तरी ठाऊक असावे लागते. अडचण इथेच आहे. कंत्राटदार यंत्रणा उभी करून निघून जातो आणि फाइलीत आवृत्तीचा आकडासुद्धा नसतो.

पायथनच्या प्रत्येक आवृत्तीला पाच वर्षे सुरक्षेची दुरुस्ती मिळते. ३.११ ऑक्टोबर २०२२ मध्ये आली, म्हणजे तिची मुदत ऑक्टोबर २०२७ ला संपेल. उज्जैनचा पुढचा सिंहस्थ कुंभमेळा २०२८ च्या उन्हाळ्यात आहे. भाविकांची नोंदणी, गर्दीचा अंदाज, वाहनतळ, हरवलेल्या माणसांच्या याद्या अशा कामांसाठी पायथन सर्रास वापरली जाते, आणि मोठ्या मेळ्याची यंत्रणा बरीच आधी बांधायला घेतात. आज कुणी ओळखीची म्हणून ३.११ निवडली, तर क्षिप्रेच्या घाटांवर सर्वांत मोठी गर्दी जमेल तेव्हा त्या यंत्रणेखालच्या भाषेला सहा-सात महिने कुणीही वाली नसेल. ३.१४ घेतली तर ऑक्टोबर २०३० पर्यंत चिंता नाही. नव्या आवृत्तीसाठी पैसे पडत नाहीत. खर्च होतो तो चाचणीचा, आणि तो मेळ्याच्या आधी केलेला स्वस्त पडतो. निविदेत त्यासाठी दोन ओळी पुरेत: वापरलेली आवृत्ती आणि तिच्या मुदतीची तारीख कंत्राटदाराने लिहून द्यावी, आणि ती तारीख शेवटच्या शाही स्नानाच्या पुढची असावी.