ब्रेकचा लाल लाइट लागला? तो विझवू नका, आधी समजून घ्या!

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण कॅम्परव्हॅन भाड्याने देण्याच्या धंद्याचं गणित पाहिलं. व्हिडिओत एक गोष्ट सांगायची राहिली. खरं सांगायचं तर सांगायला लाज वाटली. ती इथे लिहितो.

दुकानाबरोबर जोडधंदा म्हणून मी एक जुनी मिनीबस घेतली आणि आतून बेड, ओटा, पाण्याची टाकी करून घेतली. एक दिवस मीटरवर ब्रेकचा लाल लाइट लागला. दुसऱ्या दिवशी बुकिंग होतं. जवळच्या मिस्त्रीने ब्रेक ऑइलची बाटली ओतली, लाइट गेला. दीडशे रुपयांत काम झालं म्हणून मी खूश!

तिसऱ्या आठवड्यात एक कुटुंब कोल्हापूरहून तारकर्लीला निघालं. गाडीत दोन लहान मुलं आणि आजी. आंबोलीत चहाला थांबल्यावर ड्रायव्हरचा फोन आला. "दादा, लाइट परत लागलाय आणि पेडल खाली जातंय. मी घाट उतरणार नाही." गाडी तिथेच उभी केली. दुसरी गाडी करून त्यांना पुढे पाठवलं, भाडं परत दिलं. मागचं चाक खोललं तर व्हील सिलिंडर गळत होता आणि लायनर ऑइलने भिजले होते.

त्या दिवसापासून माझं मत पक्कं आहे. लाइट हा बिघाड नसतो, लाइट ही बातमी असते. बातमी बंद केली म्हणून घटना थांबत नाही.

आता कामाचं बोलू. लाल लाइट लागला तर गाडी सुरक्षित जागी उभी करा आणि या क्रमाने बघा.

1. हँडब्रेक पूर्ण खाली आहे का? अर्धवट राहिला किंवा त्याचा स्विच अडकला तरी हाच लाइट लागतो.

2. डबीतलं ब्रेक ऑइल 'मिनिमम' खुणेच्या खाली आहे का? ऑइल दोन कारणांनी कमी होतं. पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतो आणि डबीतली पातळी हळूहळू उतरते. दुसरं कारण गळती. म्हणून नुसतं ऑइल ओतणं म्हणजे कारण झाकणं. माझी चूक हीच!

3. चाकांच्या आतल्या बाजूला, पाइपांच्या जोडांवर ओल दिसते का?

4. इंजिन चालू ठेवून पेडल दाबा. स्पंजासारखं लागलं तर बहुधा हवा शिरली आहे. दाबून धरल्यावर हळूहळू खाली गेलं तर गळती किंवा मास्टर सिलिंडर. दोन्हीत गाडी हलवायची नाही, टोइंग बोलवायचं.

5. हे सगळं ठीक असेल तरच वायरिंग आणि सेन्सर तपासा. कॅम्परमध्ये जादा बॅटरी आणि दिवे बसवताना मूळ वायरिंगला हात लागलेला असतो, त्यामुळे ही शंका रास्त आहे. पण ती शेवटची शंका, पहिली नव्हे. कुणी "सेन्सर काढून टाकू" म्हणालं तर गॅरेज बदला.

कॅम्परला हे जास्त लागू आहे, कारण वजन. 120 लिटरची टाकी भरली की 120 किलो वाढले. वर बॅटऱ्या, फर्निचर, माणसं. घाटात ब्रेक तापतात. त्यात ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नव्या डॉट 4 ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषलेल्याची मर्यादा 155 पर्यंत येते. ऑइल उकळलं की वाफ होते आणि पेडल पोकळ जातं. म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑइल बदला आणि घाट खालच्या गिअरमध्येच उतरा.

आता लाजेची गोष्ट. ड्रायव्हरला नंतर विचारलं तर म्हणाला, "दादा, लाइट दोन दिवस अधूनमधून लागत होता. पण तुम्हीच म्हणाला होता, बारीकसारीक गोष्टीला फोन करू नको." गाडीतला लाइट मी ऑइल ओतून विझवला होता. माणसातला लाइट मी एका वाक्यात विझवला होता. बीबीएला मॅनेजमेंट शिकलो, पण हा धडा आंबोलीच्या टपरीवरून आलेल्या फोनने दिला.

आता माझ्याकडे नियम आहे. लाल लाइट लागला की गाडी थांबवायचा अधिकार ड्रायव्हरचा. मालकाला विचारायचं नाही, फक्त कळवायचं. त्या दिवसाचा पगार कापायचा नाही. आणि प्रत्येक बुकिंगमधून थोडी रक्कम ब्रेक-टायरसाठी बाजूला काढायची, मगच नफा मोजायचा.

त्या सहलीत माझे नऊ हजार गेले. ड्रायव्हर घाबरून गप्प राहिला असता तर काय गेलं असतं, याचा हिशोब मी आजही करत नाही. तुमच्या धंद्यात असा कोणता लाइट तुम्ही विझवून ठेवलाय? आज रात्री गल्ला मोजताना एकदा विचार करा.