कॉन्व्हेंटची पाटी आणि विद्येची परंपरा

चंद्रपूर-गडचिरोलीकडील सुशिक्षित घरांत ‘कॉन्व्हेंट’ हा शब्द उच्चारतांच सर्व शंका मिटतात. इंग्रजी बोलतां आलें म्हणजे विद्या साधली, ही समजूत आम्हांस घातक वाटते. चांद्याचा कॅथलिक धर्मप्रांत १९७७ सालीं स्थापन झाला. पण ज्या जुन्या कॅथलिक विद्यापरंपरेच्या पुण्याईवर ही समजूत पोसली जाते, तिचा मार्ग अगदीं निराळा होता.

जेजुइटांनीं १५९९ सालीं आपला अभ्यासक्रम ठरविला. त्यांत आधीं व्याकरण, मग काव्य, मग वक्तृत्व. भाषा लॅटिन आणि ग्रीक. त्याच संघाचे फादर स्टीफन्स हे इंग्रज गोव्यांत आले आणि त्यांचें मराठी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं छापलें गेलें. हेतु धर्मप्रसाराचा होता हें खरें. परंतु त्यासाठीं त्यांनीं मराठी कसून आत्मसात केली. परक्यानें जी शिकण्यांत कमीपणा मानला नाहीं, ती आपल्या मुलांस येत नाहीं याची प्रौढी आम्ही मिरवावी काय?

म्हणून पालकांनीं शाळेची इमारत न पाहतां दोन प्रश्न विचारावे. मराठी वाङ्मय म्हणून शिकवितां, कीं २०२० च्या कायद्याची सक्ती म्हणून उरकतां? गोंडी वा माडिया बोलणाऱ्या मुलास वर्गांत मान आहे काय? धर्मशिक्षणाचें भय नको. सरकारमान्य शाळेंत पालकांच्या संमतीवांचून तें लादतां येत नाहीं, असें घटनेचें २८ वें कलम सांगतें. भय बाळगावें तें पोकळ इंग्रजीचें.