दगड आमचे, भूगर्भशास्त्र कुणाचे?

समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडला जाऊन आलेल्या कुठल्याही मुलाला विचारा, टेकडीवरच्या गोल दगडांची गोष्ट त्याला पाठ असते. शेख फरीद बाबांची दोन व्यापाऱ्यांनी टिंगल केली. बाबांनी त्यांचे नारळ आणि बाकीचा सगळा माल दगड करून टाकला. व्यापाऱ्यांनी माफी मागितली तेव्हा बाबांनी वाळलेल्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला, आणि ते दोघे मरेपर्यंत बाबांच्या सेवेत राहिले. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटिअरमध्येही ही कथा छापलेली आहे. पण त्याच मजकुरात त्या दगडांचे शास्त्रीय नावही आहे, झिओलाइट. शंभर वर्षे झाली, कथा घरोघरी पोचली. नाव मात्र वर्धा जिल्ह्यातल्या एकाही वस्तीच्या पोराच्या कानावर आम्ही अजून ऐकलेले नाही.

सहावी ते आठवीच्या मुलांना भूगर्भशास्त्राची तोंडओळख करून देणे हे आंबेडकरी चळवळीचे काम आहे, असे आमचे म्हणणे आहे. यावर काही कार्यकर्ते हसतात. शिष्यवृत्त्या अडकल्या आहेत, कमी पटाच्या शाळांवर टांगती तलवार आहे, आणि तुम्ही दगड घेऊन बसलात! त्यांच्याकडे येऊच. आधी गिरडचे दगड पुरे करू.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहत होता. एक थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्या बेसाल्टने झाकलेला आहे. या प्रचंड चादरीची पूर्वेकडची कड नागपूरच्या आसपास संपते, म्हणजे आपला जिल्हा जवळजवळ काठावर बसलेला. लाव्हा थंड होताना त्यातल्या वायूचे बुडबुडे अडकून राहिले, भाकरीत पापुद्र्याखाली वाफ अडकते तसे. पुढे लाखो वर्षे खनिजे विरघळलेले पाणी त्या पोकळ्यांतून झिरपले आणि आत झिओलाइट, गारगोटी, कॅल्साइट यांचे खडे तयार झाले. वरचा काळा खडक ऊनपावसाने कुजून माती झाला. आतले खडे तसेच राहिले, सुटे झाले आणि टेकडीभर पसरले. एवढीच गोष्ट आहे. सातवीच्या मुलीला दहा मिनिटांत समजते, आणि समजली की ती लगेच विचारते, मग बुडबुडा जेवढा मोठा तेवढा दगड मोठा का? हा प्रश्न कथेतून कधीच निघाला नसता.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे भाग आहे. आजच्या वातावरणात दर्ग्याच्या कथेला हात लावला की काही लोकांना भलताच आनंद होतो. त्यांच्या हातात काठी देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. गिरडला हिंदू जातात, मुस्लिम जातात, आपल्या वस्तीतलेही जातात, आणि जात-धर्म न विचारता माणसे एका टेकडीवर जमतात ही आम्हाला मोलाची गोष्ट वाटते. ती कथा म्हणून ऐकावी. गर्विष्ठ व्यापाऱ्याची जिरते, फकिराचा मान राहतो, यात बिघडण्यासारखे काही नाही. पण दगड कसा झाला हे विचारले तर उत्तर कथेतून येता कामा नये. हाच नियम शेषनागाच्या फणीला, हाच पुराणातल्या प्रत्येक डोंगर-नदीला, आणि हाच आपल्या स्वतःच्या घरात शिरलेल्या चमत्कारांनाही. शेजाऱ्याची कथा तपासायची आणि आपली झाकून ठेवायची, हा विज्ञानवाद नव्हे. बुद्धाने कालामांना सांगितलेली कसोटी सगळ्यांसाठी एकच होती.

आता शाळेचे बघू. सहावीच्या भूगोलात ‘खडक व खडकांचे प्रकार’ हा धडा आहे. सातवीत मृदा येते, आठवीत पृथ्वीचे अंतरंग. म्हणजे अभ्यासक्रमात काहीच नाही अशी तक्रार आम्हाला करता येत नाही. तक्रार वेगळी आहे. अग्निजन्य, स्तरित, रूपांतरित हे तीन शब्द आमची मुले खाडखाड म्हणून दाखवतात, उदाहरणेही देतात, आणि शाळेच्या पायरीला लावलेला दगड यांपैकी कोणता हे विचारले की गप्प बसतात. धडा वाचून झाला, गाइडमधली उत्तरे उतरून झाली, दगड कुणी हातात घेतलाच नाही. रसायनशास्त्राला प्रयोगशाळा लागते, परीक्षानळ्या लागतात, आणि ‘निधी नाही’ हे उत्तर तिथे निदान ऐकायला तरी बरे वाटते. इथे प्रयोगशाळा शाळेच्या फाटकाबाहेर फुकट पडलेली आहे.

वर्गात एखादे वडार समाजाचे पोर असेल तर त्याला बोलते करून पाहा. कोणता दगड सुतकीच्या एका घावात फुटतो, कोणता चार घाव खाऊनही हसतो, शीर कुठून जाते, मुरूम कुठे संपून पाषाण कुठे लागतो, हे त्याने घरात ऐकलेले असते. त्याच्या बापाची हयात खदानीत गेलेली असते. पण परीक्षेत त्या माहितीला एक गुण मिळत नाही, आणि ते पोरगे भूगोलात ‘कच्चे’ ठरते. दगड फोडणाऱ्याला अडाणी म्हणायचे आणि दगडाचे नाव सांगणाऱ्याला विद्वान, ही वाटणी कुठून आली हे या लेखाच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

वर्ध्यात बसून शिक्षणाविषयी लिहायचे आणि नई तालीमबद्दल बोलायचे नाही, असे जमणार नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये याच गावात शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि हस्तोद्योगाभोवती बांधलेल्या शिक्षणाची योजना देशापुढे आली. मुलाने आपल्या परिसरातून शिकावे हा त्यातला भाग आम्हाला पूर्ण मान्य आहे. आमचा आक्षेप हा की, ज्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या फक्त काम होते आणि पुस्तकाला शिवायची बंदी होती, त्यांच्या मुलांना शिक्षण म्हणून पुन्हा हातकामच का? यंत्र आणि आधुनिक ज्ञान यांच्याकडे पाठ फिरवणाऱ्या गांधीवादावर बाबासाहेबांनी १९४५ च्या ‘काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या ग्रंथात सडकून टीका केली, ती याच जागेवरून. वडाराच्या पोराला छिन्नी चालवायला शिकवू नका, ती त्याला येते. बेसाल्ट म्हणजे काय ते शिकवा.

बाबासाहेबांचा आणि खाणींचा संबंध आपल्या भाषणांत फारसा येत नाही, म्हणून इथे थोडे थांबतो. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबाद भागातल्या कोळसा खाणी पाहायला गेले आणि खाली उतरून मजूर कसे काम करतात ते त्यांनी स्वतः पाहिले. पुढच्याच वर्षी, १९४४ मध्ये, कोळसा खाण कामगारांच्या कल्याण निधीचा अध्यादेश निघाला. आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही १८५१ मध्ये सुरू झालेली संस्था तेव्हा मजूर खात्याखालीच होती. म्हणजे या देशाच्या पोटात काय दडले आहे याची नोंद ठेवणारे खाते काही वर्षे बाबासाहेबांच्या हाताखाली होते. जयंतीला लावलेल्या फ्लेक्सवर हे कधी वाचले आहे काय?

आज त्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे कार्यालय नागपुरात आहे. भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय नागपुरात. वेस्टर्न कोलफिल्ड्सचे नागपुरात, मॅंगनीज काढणाऱ्या मॉइलचेही नागपुरातच. वर्ध्याहून रेल्वेने सव्वा-दीड तासाचे अंतर. या कार्यालयांत भूवैज्ञानिकाच्या जागा असतात, संघ लोकसेवा आयोगाची त्यासाठी वेगळी परीक्षा असते, त्यात आपल्या राखीव जागा असतात. आम्ही दहावी-बारावीच्या मुलांना मार्गदर्शन करायला जातो तेव्हा पोलीस भरती, तलाठी, नर्सिंग, बी.एड. एवढीच नावे येतात. भूवैज्ञानिक हा शब्द एकाही हातावर उमटत नाही. जे सातवीत ऐकले नाही ते बारावीत कसे सुचणार?

पण नोकरी हा या प्रश्नाचा लहान भाग आहे. मोठा भाग पाण्याचा आहे.

विहीर किंवा बोअर खोदायची म्हटले की गावात पाणाड्या येतो. तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतात फिरतो, नारळ उभा राहिला की तिथे खूण. दोन फांद्यांची काडी धरणारेही आहेत. पैसे मोजून घेतात. बोअर कोरडी गेली तर नशीब, लागली तर पाणाड्याची कीर्ती. आम्ही काम करतो त्या गावांत दीड-दोन एकरवाल्या कुटुंबांनी बचतगटाचे कर्ज काढून अशा कोरड्या बोअरी मारलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. आता खडकाचे गणित बघा. अखंड, भेगा नसलेल्या काळ्या पाषाणात पाणी राहायला जागाच नसते. पाणी राहते ते वरच्या कुजलेल्या मुरमात, जाळीदार बेसाल्टमध्ये आणि भेगांच्या जाळ्यात. दोन लाव्हा थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल मातीचा पट्टा लागतो, तोही पाणी कुठे अडेल, कुठून झिरपेल हे ठरवतो. शेजारच्या विहिरीचे थर नीट पाहिले, कोणत्या खोलीला काय लागले ते वहीत लिहिले, तर निदान डोळे मिटून पैसे घालवण्याची वेळ येत नाही. राज्य सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, तिचे जिल्ह्याला कार्यालय आहे, तिथे भूवैज्ञानिक बसतो. आमच्या किती लोकांनी त्याचे तोंड पाहिले असेल? चवदार तळ्याला शंभर वर्षे होत आली. पाण्यावर हक्क सांगितला, आता पाणी जमिनीखाली कुठे आहे याचे ज्ञानही आपल्या घरात यायला हवे.

जमिनीचेही तसेच. बेसाल्ट कुजून काळी माती होते, ओलीने फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते, ओल धरून ठेवते आणि कापूस पिकवते. नदी-नाल्याकाठी ती खोल असते. उंचवट्यावर मात्र मातीचा पातळ थर आणि खाली लगेच मुरूम, ज्याला आपण बरड म्हणतो. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले. त्या लढ्यांनंतर गायराने कसून खाणारी आपली कुटुंबे आजही बहुतेक कुठे दिसतात? बरडावर. एका गावचा नकाशा घ्या, त्यावर काळी, मध्यम आणि बरड अशा तीन रंगांनी मुलांकडून खुणा करून घ्या, मग कुणाचे शेत कुठे ते त्यांनाच विचारा. वेगळे व्याख्यान द्यायची गरज पडत नाही.

आणि ज्यांच्या घरावर डोंगर येतो ते कोण असतात? ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातल्या माळीणमध्ये दीडशेच्या वर माणसे गाडली गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडमधली इर्शाळवाडी गेली. दोन्ही आदिवासींच्या वस्त्या. आपल्या खोऱ्यात डोंगर कोसळत नाही, पण चंद्रपूर-यवतमाळकडे कोळशाची खाण येते, रेतीघाट येतो, गिट्टी खदान येते. जनसुनावणीच्या टेबलावर जाडजूड अहवाल ठेवला जातो, त्यात भूजल पातळी, थरांची जाडी, उत्खननाची खोली असे शब्द असतात आणि आपले लोक हजेरीच्या कागदावर सही करून चहा पिऊन परत येतात. तो अहवाल वाचणारा एक तरी पोरगा गावात असला पाहिजे. शिष्यवृत्तीचा लढा लढणाऱ्या मित्रांना आमचे उत्तर हे आहे: तो लढा सोडा असे कोण म्हणतो? शिष्यवृत्ती कशाच्या शिक्षणासाठी हवी, तेवढे ठरवू.

काळाची जाण ही आणखी एक बाजू. आपल्याच जिल्ह्यातल्या नवरगावला लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये दबलेल्या गाळात झाडांची दगड झालेली लाकडे सापडली आहेत. शेजारच्या वरोरा तालुक्यात पिसदुऱ्याला डायनासोरची हाडे मिळाली, त्यातली काही १९ व्या शतकात स्टीफन हिस्लॉपने गोळा केली, ज्याच्या नावाचे कॉलेज नागपुरात आहे. डायनासोरचे शेणही तिथे दगड होऊन पडले आहे. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी त्या शेणात गवताचे सूक्ष्म अवशेष शोधले आणि २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. डायनासोरच्या काळातही गवत होते, हे जगाला विदर्भातल्या शेणावरून कळले! मुले यावर पोट धरून हसतात आणि मग विसरत नाहीत. तसेच गोंडवाना. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका ज्या एका भूखंडाचे तुकडे आहेत त्याचे नाव आपल्या गोंड बांधवांच्या प्रदेशावरून पडले. जगभरच्या पुस्तकांत ते छापले जाते. वर्गातल्या गोंड मुलीला हे कुणी सांगितलेले असते का?

अनित्य हा शब्द विहारात आपण रोज ऐकतो. जिथे कापूस उभा आहे तिथे एके काळी लाव्हा होता आणि त्याआधी डायनासोर चरत होते, हे समजल्यावर तो शब्द निव्वळ वंदनेपुरता राहत नाही.

काम कसे करायचे याबद्दल थोडे. जयंतीच्या डीजेचा एका रात्रीचा खर्च वाचवला तर दहा गावांच्या दगडपेट्या होतात. खरे तर पेटीला खोक्याखेरीज खर्चच नाही. खदानीतला काळा बेसाल्ट, जाळीदार बेसाल्टचा तुकडा, शेतातली गारगोटी, चंद्रपूरकडचा चुनखडक आणि वालुकाश्म, कोळशाचा एक खडा. काचेच्या जुन्या तुकड्यावर गारगोटी घासली की ओरखडा उठतो, कॅल्साइट घासला तर उठत नाही. चुनखडकाच्या चुऱ्यावर लिंबू पिळले की बुडबुडे येतात. काळी माती आणि नाल्यातली रेती एका बाटलीत पाण्याबरोबर हलवून ठेवली की संध्याकाळपर्यंत थर दिसतात. स्तरित खडकाचा अर्धा धडा तिथेच संपतो. आपल्यातली जी मुले-मुली भूगोल किंवा भूगर्भशास्त्र घेऊन पदवी करत आहेत त्यांनी महिन्यातले दोन रविवार द्यावेत. वडार वस्तीतल्या एखाद्या जाणत्या काकांना बोलवावे, आणि त्यांना खुर्ची द्यावी, मुलांसमोर, शिक्षकाच्या शेजारी. खदानीत न्यायचे असेल तर काम बंद असलेल्या दिवशी, मालकाला विचारून. पहिली फेरी मात्र पावसाळा संपल्यावर नाल्याच्या काठाने काढावी. तेव्हा दरड खचून थर उघडे पडलेले असतात. सोबत पाण्याची बाटली, दगड गुंडाळायला जुने वर्तमानपत्र आणि प्रत्येकाची एक वही पुरते.