कुलूप सरकारचे, किल्ली कुणाकडे?

रेणापूरचा विद्यार्थी शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर अर्ज भरतो, तेव्हा जात, उत्पन्न, आधार, बँक खाते सगळे सरकारच्या हवाली करतो. अशी माहिती डेटाबेसमध्ये राहते. डेटाबेसचा पासवर्ड मात्र पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये कॉन्फिगरेशन फाईलमध्ये साध्या अक्षरांत लिहिलेला असतो. ती फाईल चुकून गिटहबवर गेली की कुलूप उघडलेच!

निष्काळजीपणा नवा नाही. 2017 साली सुमारे 210 सरकारी संकेतस्थळांनीच लाभार्थ्यांची आधार माहिती उघड्यावर मांडल्याचे समोर आले.

पासवर्ड एन्क्रिप्ट केलाच पाहिजे. पण त्याची किल्ली त्याच फाईलशेजारी ठेवली तर ते निव्वळ सोंग. किल्ली वेगळ्या जागी, मोजक्या हातांत आणि वेळोवेळी बदललेली हवी.

हा फक्त तंत्रज्ञांचा प्रश्न आहे, हे आम्हाला मान्य नाही. जात कळल्यावर भाड्याची खोली कुणाला नाकारली जाते? गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी सांगितले. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतील हयगयीला 250 कोटींपर्यंत दंड आहे.

आयटीतल्या मित्रांनो, आपल्या कोडमधला उघडा पासवर्ड आजच काढा. कार्यकर्त्यांनो, निवेदनात विचारा : आमच्या माहितीची किल्ली कुणाकडे आहे?

जय भीम!