गाणं थांबल्यावर काय उरतं?

बालदोस्तांनो,

मागच्या स्नेहसंमेलनासाठी आमच्या चौथीच्या मुलांनी नांदेडच्या एका छोट्या स्टुडिओत समूहगीत रेकॉर्ड केलं. शाळेत लावलं तर काय थाट! जणू मोठ्या देवळाच्या सभामंडपातच गायलंय. सगळे खूश. पण मधल्या दोन ओळी एकटीनं म्हणणारी मुलगी हळूच म्हणाली, "सर, माझे शब्दच कळंनात की!"

खरंच कळत नव्हते. पंधरा दिवस घोकलेल्या ओळी नुसत्या घुमत होत्या.

मी परत स्टुडिओत गेलो. तिथल्या दादांनी संगणकावर एक बटण दाबलं आणि काय गंमत! गाणं गायब. मागं उरला फक्त घुमारा, रिकाम्या हंड्यात बोलल्यासारखा.

यालाच म्हणतात निनाद. आवाज एका सेकंदात साधारण ३४० मीटर धावतो. भिंत १७ मीटर किंवा त्याहून लांब असेल तर तो परत यायला सेकंदाचा दहावा भाग तरी लागतो, म्हणून प्रतिध्वनी वेगळा ऐकू येतो. खोलीत मात्र भिंती, छत, फरशी अशा सगळीकडून आवाज लगेच परततो. आपला कान त्यांना मूळ आवाजातच मिसळून टाकतो. म्हणून गाणं चालू असताना निनाद नीट कळत नाही. तो पारखायचा तर मूळ आवाज बंद करूनच ऐकावा लागतो.

तसं ऐकल्यावर चोर सापडला! शेपूट फार लांब होतं. एक शब्द विरायच्या आत दुसरा येऊन आदळत होता. शिवाय खालचे सूर गुरगुरत होते आणि 'स', 'श' सापासारखे फुसफुसत होते. दादांनी शेपूट आखूड केलं, गुरगुर काढली.

मी म्हटलं, "मग निनाद काढूनच टाका ना!" ते हसले. "सर, मीठ तळहातावर घेतलं की खडे दिसतात. पण किती घालायचं ते भाजी चाखूनच ठरतं." मग पूर्ण गाणं लावून त्यांनी निनाद पुन्हा बेतानं मिसळला.

हे मीठ लागतंच, बरं का! १९४९ सालच्या 'महल' चित्रपटात खेमचंद प्रकाश यांना गाणं लांबून जवळ येतंय असं भासवायचं होतं. तेव्हा आजच्यासारखी यंत्रं कुठली? लता मंगेशकर खोलीच्या कोपऱ्यातून गात गात मायक्रोफोनकडे चालत आल्या. गाणारा लांब असला की मूळ आवाज कमी पडतो, खोलीचा निनाद जास्त वाटतो. जवळ आला की उलट!

आता तुम्ही करून पाहा. रिकाम्या वर्गात, नाहीतर सहलीला खरोसा लेण्यांत गेलात तर तिथं, एकदाच टाळी वाजवा आणि गप्प राहा. टाळी नाही, टाळीनंतरचं ऐका. मग तोच वर्ग मुलांनी भरल्यावर पुन्हा वाजवा. कपडे आणि माणसं आवाज शोषून घेतात. फरक वहीत लिहा.

आणि हो, संमेलनात त्या मुलीची आजी अगदी शेवटच्या रांगेत बसली होती. नातीचा शब्द न् शब्द तिला कळला. घुमारा? तोही होता, पण शब्दांच्या मागं, अदबीनं उभा.

पुढच्या आठवड्यात भेटूच!

तुमचे,
सर